नेलेलं भांडं घरी आणायचं

गेल्या वैशाखात मोताळा तालुक्यात भाचीच्या लग्नाला गेले होते. मांडव शेतातच घातला होता, पाहुणे आठ-नऊशे. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात डोकावले तर खुर्च्यांखाली, ताडपत्रीच्या कडेला, थेट धुऱ्यापर्यंत पाण्याच्या छोट्या बाटल्या पडलेल्या. बहुतेक अर्ध्याच प्यालेल्या. त्या आठवड्यात गावाला टँकर चालू होता. मला राहवेना. घरातली दोन मुलं हाताशी घेतली आणि एकेका बाटलीतलं पाणी टिपाडात ओतत बसले. टिपाड काठोकाठ भरलं, वर दोन बादल्या झाल्या. ते पाणी गुरांच्या हौदात गेलं. रिकाम्या बाटल्यांची पोती न्यायला मात्र कुणी आलं नाही. ती धुऱ्यावरच राहिली आणि पहिल्या मोठ्या पावसात निम्म्या बाटल्या नाल्यानं वाहून गेल्या.

आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "पह्यले पानी सांडलं तं माय रागवे. आता लोकं बाटलीसकट फेकतात अन् कोनी काई म्हनत नाही."

पाणी सोबत नेण्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. आपला बुलढाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा, निम्मा घाटावर आणि निम्मा घाटाखाली. चिखली-मेहकरकडच्या माणसाला मे महिन्यात शेगाव-नांदुऱ्याला उतरलं की उन्हाचा फरक लगेच कळतो. अशा उन्हात पाण्याशिवाय घराबाहेर पडणं धोक्याचंच. आपली माणसं पूर्वीही पाणी घेऊनच निघत. माझ्या वडिलांच्या बैलगाडीला छागळ टांगलेली असे. शेतात जाताना मातीची केळी जाई, तिच्या तोंडावर ओला फडका बांधलेला. दूरच्या गावी जायचं तर फिरकीचा तांब्या. यातली एकही वस्तू वाटेत टाकून यायची नसे. संध्याकाळी पाणी संपलेलं असे आणि भांडं पुन्हा आपल्या खुंटीवर. मधल्या काळात एवढंच बदललं, की आपण परत न आणायच्या भांड्यातून पाणी न्यायला लागलो. सगळा कचरा तिथून सुरू होतो. तेव्हा सवय मोडायची नाही, भांडं बदलायचं आहे. ते कसं जमवायचं, हे मी गेल्या काही वर्षांत घरात, शाळेत आणि दोन लग्नांत करून पाहिलं. त्यातलं जे टिकलं, तेच इथे सांगते.

आधी पाण्याची भीती

"घरचं पाणी न्या" असं कुणालाही सांगणं सोपं आहे. पण आपल्या जिल्ह्यात लोक बाटली आणि जार विकत घेतात ते केवळ हौसेनं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून जातो. तिथल्या विहिरी आणि बोअरचं पाणी खारं. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या कित्येक गावांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण आहेत, आणि लोक त्याचा संबंध पाण्याशी जोडतात. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली ती याच भागासाठी. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले, त्यात नायट्रेटचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पुढे तपासाची दिशा गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. तरी पाण्याविषयीची धास्ती एकदा मनात बसली ती बसलीच.

म्हणून पहिलं काम पाणी तपासून घेण्याचं. त्यासाठी फार कुठे जावं लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना साध्या संचानं पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, एवढं ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहणी होते आणि त्यावरून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी विचारलं तेव्हा पहिल्यांदा कुणालाच आठवेना. दुसऱ्या सभेला मात्र कार्ड भिंतीवर लागलं होतं.

तपासणीच्या कागदावर दोन आकडे आधी शोधा. एक, विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते चांगलं पाणी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. दुसरा आकडा नायट्रेटचा. तो ४५ मिलिग्रॅमच्या आत हवा. इथे एक गोष्ट अगदी घट्ट लक्षात ठेवा, कारण यात चांगली शिकलेली माणसंही चुकतात. उकळल्यानं जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं. नायट्रेट जास्त असलेलं पाणी वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला तर मुळीच द्यायचं नाही, उकळूनही नाही. त्यानं रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं.

क्षार ५०० च्या आत, नायट्रेट ४५ च्या आत असेल आणि पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल, तर ते पाणी गाळून बाटलीत भरा आणि निर्धास्त जा. घाटावरच्या बऱ्याच घरांना एवढंच पुरेल. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये सांगितलं होतं, की ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ यंत्राची गरज नाही. खारपाणपट्ट्यात ती गरज खरीच आहे, मात्र यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. ते पाणी तुळशीला किंवा परसातल्या भाजीला घालू नका, मातीत मीठ साचत जातं. फरशी पुसायला, खरकटी भांडी पहिल्यांदा विसळायला, संडासात टाकायला वापरा. सलाईनसारख्या नळीतून ते मोरीत सोडून देण्याऐवजी खाली एक बादली ठेवायची, इतकं साधं काम आहे.

आणि विकतच्या बाटलीवर आंधळा विश्वासही नको. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्याची मोजणी प्रसिद्ध केली. एका लिटरमध्ये सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण निघाले. शरीरात ते नेमकं काय करतात यावर अजून संशोधन चालू आहे. पण ज्या शुद्धतेसाठी आपण पैसे मोजतो तिच्यात हेही आहे. बाटली उन्हात तापलेल्या टपरीवर किंवा गाडीच्या काचेखाली पडलेली असेल, तर ती घेऊच नका.

कोणतं भांडं

स्टीलची एक लिटरची बाटली, रुंद तोंडाची. रुंद तोंड यासाठी की आत हात किंवा निदान ब्रश गेला पाहिजे. अरुंद तोंडाच्या बाटलीत आठ दिवसांत तळाशी बुळबुळीत थर धरतो. मग वास येतो, मग मुलं ती न्यायला नाही म्हणतात, आणि आपण पुन्हा विकत घ्यायला लागतो. माझ्या शाळेतल्या पोरांच्या बाटल्या बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं. दुसरं कारण झाकणाची रबरी चकती. ती आठवड्यातून एकदा काढून वेगळी धुवायची आणि सैल झाली की भांड्यांच्या दुकानातून नवी आणायची. चकती गळते म्हणून अख्खी बाटली टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत.

दुहेरी भिंतीची, थंड ठेवणारी बाटली चांगलीच, पण महाग आणि जड. शेतात जाणाऱ्याला तिची गरज नाही. साधी एकेरी स्टीलची बाटली घ्या, तिला जुन्या सुती पंचाचा किंवा गोणपाटाचा अंगरखा शिवा, तो भिजवा आणि झाडाच्या सावलीत वारा लागेल अशी टांगा. पंचातलं पाणी उडून जाताना बाटलीतली उष्णता घेऊन जातं. छागळीचं गुपित हेच होतं, माठाचंही हेच. घाटाखालच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती फार छान चालते. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा ती चालणार नाही. दुहेरी भिंतीच्या बाटलीला ओला पंचा गुंडाळून तर काहीच उपयोग नाही, कारण थंडावा आत पोचत नाही.

तांब्याच्या बाटलीत फक्त पाणी. लिंबू सरबत, ताक, पन्हं असं आंबट काही तांब्यात किंवा कल्हई गेलेल्या पितळेत भरायचं नाही. आंबटपणानं तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. ताकासाठी स्टीलची बरणी न्या. ताक सोबत न्यायची सवय तर पुन्हा लागायला हवी असं मला मनापासून वाटतं. थंड पेयाच्या बाटलीत साखर जास्त आणि मीठ जवळपास नाहीच. उन्हात घाम गाळणाऱ्याला पाणी आणि मीठ दोन्ही लागतं, आणि ते मीठ-जिरं घातलेल्या ताकात असतं. उन्हानं कुणाला जुलाब-उलट्या होऊन गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून, आणि ते घोट घोट पाजायचं. हे प्रमाण पाठ असू द्या. मीठ मापापेक्षा जास्त घालायचं नाही.

विकत घेतलेली बाटली घरी आणून महिनोन्‌महिने भरत राहणारेही पुष्कळ आहेत. त्यामागची काटकसर मला कळते. एखाद-दोन वेळा थंड पाण्यासाठी ठीक, पण ती बाटली एकदाच वापरायला केलेली असते. तिला चरे पडतात, चऱ्यांत घाण बसते. गरम पाणी किंवा चहा तिच्यात कधीच नको.

पिशवीतला चहा

पाण्याइतकीच दुसरी गोष्ट आपण सोबत नेतो, ती चहा. बाजारपेठेत सकाळी अकराच्या सुमाराला उभं राहून बघा. टपरीवरचा पोरगा पातळ पिशवीत उकळता चहा ओततो, दोऱ्यानं गाठ मारतो, वर आठ कागदी कप देतो. दुकानात, कचेरीत, कांडपापासून कृषी केंद्रापर्यंत हीच पद्धत. दहा मिनिटांत पिशवी आणि कप नालीत.

कागदी कप कागदाचा असतो ही आपली समजूत आहे. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, नाहीतर चहा झिरपला असता. खरगपूरच्या आयआयटीत २०२० मध्ये यावर अभ्यास झाला. शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं अशा कपात ठेवलं, तर सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म प्लास्टिकचे कण पाण्यात उतरले. प्लास्टिकचे कप आणि पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले आणि त्यांची जागा या कपांनी घेतली. भंगारवालाही ते घेत नाही, कारण कागदापासून थर वेगळा करणं त्याला परवडत नाही. पिशव्यांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं त्या बंद आहेत, आणि तरी रोज उकळता चहा त्यांच्यातूनच फिरतो.

यावरचा उपाय आपल्याच बाजारात होता. अॅल्युमिनियमची किटली आणि काचेचे ग्लास ठेवायची तारेची जाळी. ती गेली कारण रिकामे ग्लास गोळा करायला पोरगा पुन्हा पाठवावा लागतो. तेव्हा ग्लास टपरीवाल्याचे नकोत, आपले ठेवायचे. दुकानात किंवा कचेरीत माणसं असतील तितके स्टीलचे किंवा काचेचे पेले आणि एक थर्मास घ्या. चहा थर्मासमध्येच आणायचा. पेले कुणी धुवायचे यावरून ही व्यवस्था मोडते, हे मी शाळेत अनुभवलं. पहिल्या महिन्यात सगळे पेले शिपाईमावशींच्या गळ्यात पडले आणि त्यांनी तिसऱ्या आठवड्यात, अगदी बरोबर, नकार दिला. मग ठरवलं की ज्यानं प्यायलं त्यानं धुवायचं, मुख्याध्यापकांनीही. त्याला आता चार वर्षं झाली.

टपरीवर उभं राहून पिणार असाल तर काचेच्या ग्लासातच मागा. ग्लास गरम पाण्यातून काढून द्या म्हणायला संकोच नको. गिऱ्हाईक मागतं तेव्हाच चहावाला ग्लास ठेवतो.

वाटेवर

एसटीनं किंवा रेल्वेनं जाणाऱ्यांचा प्रश्न तसा सोपा. निघताना भरलेली एक लिटर बाटली तीन-चार तास पुरते. पुढे भरायची कुठे, हे आधी माहीत करून घ्या. शेगावला दर्शनाला जाणाऱ्यांना मंदिर परिसरात पिण्याचं पाणी मिळतं, तिथे बाटली विकत घ्यायचं कारणच नाही. एसटी स्थानकांवर २०२१ पासून 'नाथजल' मिळतं. नाव संत एकनाथांचं आहे. काशीहून रामेश्वरासाठी कावडीतून आणलेलं गंगेचं पाणी त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती बाटली घेण्याची वेळ आलीच, तर रिकामी पिशवीत ठेवा. स्थानकावर टाकू नका, खिडकीतून तर अजिबात नाही.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून लोणार, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या बाजूनं जातो. त्यावर जागोजागी थांबता येत नाही, म्हणून लोक गाडीत पेटीच्या पेटी भरून पाणी नेतात. त्यापेक्षा नळाचा वीस लिटरचा जार डिकीत बसवा आणि गाडीतल्या प्रत्येकाला आपापली बाटली द्या. भाड्याच्या गाडीतही हे सहज जमतं.

लोणारविषयी मात्र मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं ते विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो गेले, आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. पण खाली उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की या सरोवरात पाणी येतं आणि बाहेर कुठेच जात नाही? धारेचं गोड पाणी आत येतं, पावसाचं येतं, आणि उन्हानं फक्त वाफ होते. म्हणून तर ते इतकं खारं आणि क्षारयुक्त आहे. नदीत टाकलेली बाटली निदान दुसऱ्याच्या गावाला जाते, तिथे ती काढणारा कुणी भेटू शकतो. विवराच्या कडेवरून सोडलेलं झाकण पावसाबरोबर तळाशी येतं आणि तिथेच राहतं. खाली कमळजादेवीपर्यंत चालत जाणाऱ्यांनी पाणी न्यावंच, खाली दुकान नाही आणि परतीची चढण दम काढते. माणशी एक लिटर, स्वतःच्या बाटलीत. शाळेची सहल नेत असाल तर उतरायच्या आधी मुलांच्या बाटल्या मोजा आणि वर आल्यावर पुन्हा मोजा. आम्ही मोजतो. एकदा चार कमी भरल्या, तेव्हा दोन मोठी मुलं आणि मी परत खाली गेलो. तीन सापडल्या.

पालखीच्या वाटेवर सेवा करणाऱ्यांनाही एक विनंती. शेगावची पालखी पंढरीला निघते तेव्हा गावोगावी लोक पाणी वाटतात, आणि त्या मागची भक्ती मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण हातात पाऊच किंवा बाटली दिली, की ती पुढच्या शे-दोनशे पावलांवर पडते. वारकऱ्याच्या खांद्याला पिशवी असते आणि पिशवीत तांब्या असतो. तेव्हा पाणी बाटलीतून वाटण्याऐवजी टाकीला चार नळ बसवा आणि तांब्या भरून द्या. जारच्या खर्चात हे होतं, आणि दुसऱ्या दिवशी रस्ता झाडावा लागत नाही.

लग्नाचं गणित

पाचशे पानांचं लग्न धरा. उन्हाळ्यात माणशी एक लिटर म्हणजे पाचशे लिटर पाणी, वीस लिटरचे पंचवीस जार. दोन-तीन जास्तीचे सांगून ठेवा. जारवाला निवडताना त्याच्याकडे जाऊन जार कुठे आणि कशानं धुतो ते डोळ्यांनी बघा. पाण्याचा तपासणी अहवाल मागा. तो नसेल तर दुसरा शोधा. बिछायत केंद्रातून स्टीलचे ग्लास भाड्यानं मिळतात. पाचशे माणसांना तीनशे ग्लास पुरतात, फक्त धुणारी दोन माणसं स्वतंत्र ठेवायची आणि त्यांची मजुरी आचाऱ्याच्या हिशेबात आधीच धरायची. धुण्यासाठी तीन टब लागतात. पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात कढत. ग्लास पुसायचे नाहीत, जाळीवर पालथे घालायचे.

पंगत असेल तर प्रश्नच मिटतो. दोन पोरं जग घेऊन फिरतात, ज्याला जेवढं हवं तेवढंच ग्लासात पडतं, उरत नाही. बुफे असेल तर पाण्याचं टेबल सावलीत आणि जेवणाच्या टेबलांपासून दहा पावलांच्या आत ठेवा. लांब ठेवलं की लोक एका खेपेला दोन ग्लास भरून घेतात. जाणाऱ्या पाहुण्यांसाठी मांडवाच्या दाराशी आणखी दोन माठ. मी ज्या दोन लग्नांत ही व्यवस्था पाहिली, त्यांत "बाटली का नाही?" असं एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. विचारलं ते एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकानं. त्याचं म्हणणं, आमच्या पॅकेजात बाटल्याच आहेत, पैसे कमी होणार नाहीत. तेव्हा कार्यालय ठरवतानाच, पैसे देण्याआधी, बाटल्या नकोत असं लिहून घ्या.

गावात बचत गट असेल तर त्यांच्या मासिक वर्गणीतून तीनशे ग्लास, दोनशे ताटं आणि चार मोठे जग घेऊन ठेवता येतात. नाममात्र भाडं, आणि हरवलेल्या ग्लासाचे पैसे भरून घ्यायचे. ही गावची भांडी बँक.

पाणपोई

अकोला जिल्ह्यातल्या अकोलीच्या भास्कर पाटलांची गोष्ट गजानन महाराजांच्या पोथीत आहे. भर उन्हात महाराजांनी त्यांच्याकडे पाणी मागितलं आणि पाटलांनी नाही म्हटलं. कारणही साधं होतं, शेतावर पाणी नव्हतं, प्यायचं पाणी गावाहून डोक्यावर आणावं लागे. मग महाराज जवळच्या कोरड्या विहिरीशी गेले आणि तिला पाणी लागलं. पुढे पाटील त्यांचे भक्त झाले. आपल्या भागात पाणी मागणाऱ्याला पाणी नाकारणं किती जिव्हारी लागतं, ते या गोष्टीवरून कळतं. बाटलीचा धंदा तिथेच वाढला जिथे पाणी मागायची सोय उरली नाही. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावानं घागर भरतो. त्याच दिवशी चौकात पाणपोई सुरू करा आणि मृग लागेपर्यंत चालवा.

पाणपोई उघडणं सोपं, टिकवणं अवघड. फीत कापलेले रांजण पंधरा दिवसांत कोरडे पडलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून रोज कुणी भरायचं, कुणी घासायचं, हे नावासकट पाटीवर लिहा. रांजण रोज संध्याकाळी पूर्ण रिकामा करून घासायचा, उरलेल्यावर नवं पाणी ओतायचं नाही. झाकण घट्ट हवं. हात आत जाता कामा नये, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं किंवा सरळ खाली तोटी. मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, आरोग्य उपकेंद्रात मिळतं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं घालायचं. रांजणाभोवती ओलं पोतं. आणि तोटी इतक्या उंचीवर असावी की तिच्याखाली एक लिटरची बाटली उभी राहील. बहुतेक पाणपोया इथेच चुकतात. ग्लास भरतो पण बाटली भरत नाही, आणि वाटसरू पुढच्या दुकानात जातो.

तरी उरलेली बाटली

एवढं करूनही घरात काही बाटल्या येणारच. त्या नीट रवाना करायच्या. उरलेलं पाणी झाडाला घाला, बाटली आडवी चेपा म्हणजे कुणी ती पुन्हा भरून विकू शकणार नाही, झाकण लावून कोरड्या पोत्यात ठेवा. बुडाच्या त्रिकोणात १ आकडा असेल तर ते पेट प्लास्टिक. ते भंगारात विकलं जातं आणि त्याचा पुढे धागा होतो. पण चहा, खरकटं, माती लागलेली बाटली भंगारवाला बाजूला काढतो. फळांच्या रसाचे खोके कागद, प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम यांच्या थरांचे असतात, ते वेगळे ठेवा आणि घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्या. चुलीत किंवा उकिरड्यावर काहीही जाळू नका. त्या धुरात सगळ्यात आधी घरातली बाई आणि लेकरं असतात.

२०१८ च्या अधिसूचनेत बाटलीवर परताव्याची किंमत छापायची आणि दुकानदारानं रिकामी बाटली परत घ्यायची तरतूद होती. कल्पना जुनीच. आमच्या लहानपणी गोटी सोड्याची बाटली दुकानातच परत द्यावी लागे, घरी न्यायची तर आधी अनामत ठेवा. पैसे अडकलेले असत म्हणून एक बाटली इकडची तिकडे होत नसे. तुम्ही दुकानात रिकामी बाटली परत देऊन बघा, आणि घेत नाहीत तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी द्या. मी दिलं आहे. उत्तर यायचं आहे.

आणि एक शेवटचं काम, बाटली घेतल्याच्या दिवशीच करायचं. तिच्यावर नाव घालून घ्या. आईच्या रुखवतातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं होतं, कारण लग्नकार्यात ते शेजारी जाई आणि ओळखून परत येई. खामगावच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात अजूनही लहान यंत्रावर नाव घालून देतात, दोन मिनिटं लागतात. गावाचं नावही घाला. माझी बाटली मागच्या दिवाळीत मेहकर गाडीत राहिली होती. तीन दिवसांनी एका कंडक्टरनं ती आमच्या गावच्या फाट्यावर चहावाल्याकडे ठेवून दिली, आत अर्धं पाणी तसंच होतं.